काकांचे तास

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते मी घरात बसून नोटा छापते, आणि सेक्रेटरींच्या मते एक ना एक दिवस पोलीस मला न्यायला येणार आहेत. दोघंही माझ्याशी अतिशय गोड बोलतात. काकू सणाला पुरणपोळी पाठवतात, सेक्रेटरी माझी गाडी सावलीत लावू देतात. न जाणो, उद्या बाई कामी यायची!

खरं काम इतकं रंगतदार नाही. मी मूळची चाचणीवाली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीनवर जे सॉफ्टवेअर चालतं, ते चालवून बघायचं, मुद्दाम बिघडवून बघायचं आणि लिहिणाऱ्याला जाऊन सांगायचं, की बाबा रे, इथे तुझं चुकलंय. त्यात अर्धं आयुष्य गेलं. मग इंदिरानगरच्या बोगद्याजवळच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. तिथे लोकांची टोकनं बाजारात आणून द्यायचं काम चालायचं. मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मालक म्हणाले, "मॅडम, कळणारे पुष्कळ आहेत. घाबरणारं कोणी नाही. तुम्ही या." गेली काही वर्षं मी तिथे पगारी घाबरते आहे.

टोकन म्हणजे काय ते आधी सांगते. कॅन्टीनचं कूपन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आज पैसे भरायचे, कूपन घ्यायचं, उद्या जेवायचं. टोकन हे तसंच कूपन, फक्त कागदाचं नाही. कोणाकडे किती कूपनं आहेत याची नोंद एकट्या कॅन्टीनवाल्याकडे नसते, ती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी असते. त्यामुळे कोणा एकाने खोडायची म्हटली तरी खोडली जात नाही. कूपनं किती करायची, कोणाला द्यायची, हे नियम एका प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. त्याला आम्ही करार म्हणतो. हा करार एकदा त्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर चढवला, की माणसाच्या हातचा गेला. नंतर त्यातला स्वल्पविराम बदलायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

म्हणून सगळं काम चढवण्याच्या आधी असतं. पैसे कशासाठी हवेत आणि देणाऱ्याला काय मिळणार, हे साध्या शब्दांत लिहून काढायचं. त्याला श्वेतपत्रिका म्हणतात, आणि निम्मी गिऱ्हाइकं ती लिहितानाच पळून जातात, कारण लिहायला बसलं की कळतं, सांगण्यासारखं काहीच नाही. मग वकील आणि सीए येतात आणि काय बोलायचं नाही ते सांगतात. 'नक्की फायदा' हे दोन शब्द तर आमच्या ऑफिसात शिवीसारखे. मग करार लिहायचा, बाहेरच्या त्रयस्थ माणसांकडून तो तपासून घ्यायचा, खोट्या पैशांच्या सरावाच्या जाळ्यावर महिना महिना चालवून बघायचा. आणि किल्ल्या वाटायच्या. कराराची मालकी, म्हणजे नवी टोकनं काढायचा हक्क, एकाच्या हातात ठेवायची नाही. पाच जणांकडे पेनड्राइव्हसारख्या पाच किल्ल्या, त्यातल्या कोणत्याही तिघांनी सही केल्याशिवाय पान हलत नाही.

एकदा एक सराफ आले होते. त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी टोकन काढायचं होतं आणि पंचांग बघून मुहूर्त काढलेला होता. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डपासून वीतभर अंतरावर सांडलं तेव्हा माझा जीव गेलाच होता. मुहूर्तावर बटण दाबलं. नेमकी त्या दिवशी जाळ्यावर तोबा गर्दी. आमचा व्यवहार रांगेत अडकला तो अडकलाच, आणि नोंद झाली ती राहुकाळ लागल्यावर. सराफ शेठ कळवळून म्हणाले, "मॅडम, पुसून पुन्हा करा ना!" मी म्हटलं, शेठ, या धंद्यात सगळं होतं, पुसणं तेवढं होत नाही. पुढे त्यांचं टोकन व्यवस्थित चाललं, तरी भेटले की अजून राहुकाळ काढतात.

तर अशा या ऑफिसात एक दिवस प्रज्ञा साळवे आली. मेकॅनिकल इंजिनिअर, तिशीतली, बोलायला रोखठोक. तिचं म्हणणं असं. अंबडमध्ये शेकडो छोट्या शेड आहेत. एकेकाकडे दोन-चार जुनी मशीनं. विमानाचे, दवाखान्याच्या उपकरणांचे बारीक भाग करायच्या ऑर्डरी येतात, पण त्याला जे पाच अंगांनी फिरून कापणारं मशीन लागतं, ते एकट्या शेडवाल्याला सात जन्मांत परवडायचं नाही. सगळ्यांनी मिळून एक घ्यायचं. एक टोकन म्हणजे त्या मशीनचा एक तास. तास आधीच विकायचे, त्या पैशांतून मशीन आणायचं. ज्याला काम असेल त्याने तास वापरावा, नसेल त्याने दुसऱ्याला विकावा.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "यासाठी एवढं जाळं कशाला? छापील कूपनं काढ की."

तिच्याबरोबर बोरस्ते नावाचे शेडवाले आले होते. पन्नाशीचे, हाताला मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा कायमचा वास. उत्तर त्यांनी दिलं. "छापील कूपनं झाली मॅडम मागच्या टायमाला. असंच मशीन घेतलं व्हतं समद्यांनी मिळून. कूपनं छापायचं काम आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीकडं. त्यानं आधी मेव्हण्याला दिली, मग साडूला, मग साडूच्या पोराला. आमी पैशे भरून लाइनीत उभे, आन मशीनवर साडूचं काम चालू. भांडणं झाली, मशीन इकलं. तवापासून अंबडमधी कोणी कोणाच्या कूपनाला हात लावत नाय."

"म्हणून मला असं हवंय," प्रज्ञा म्हणाली, "की मी ठरवलं तरी मला एक तास जास्तीचा काढता येऊ नये."

अशी गिऱ्हाइकं मी फार पाहिलेली नाहीत. बहुतेकांना मालकी किती राखता येईल हे विचारायचं असतं. हिला ती किती लवकर टाकता येईल हे हवं होतं. तशी सोय असते. विक्री पूर्ण झाली की एक शेवटचा व्यवहार करायचा आणि कराराची मालकी कोणाचाच नसलेल्या एका पत्त्यावर, नुसत्या शून्यांच्या पत्त्यावर पाठवून द्यायची. मग नवीन टोकन कोणालाच काढता येत नाही, बनवणाऱ्यालासुद्धा नाही. प्रज्ञाने श्वेतपत्रिकेतच लिहून टाकलं, की स्वतःसाठी एकही टोकन ठेवणार नाही, आणि विक्रीनंतर जाहीर केलेल्या दिवशी, अंबडच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर मालकी सोडणार.

तिचे वडील मधुकर साळवे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उंच, काटक, कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट. त्या दिवसांत लेक दिवसभर आमच्याकडेच बसे, तिचा डबा पोचवायला ऑफिसात येत आणि मग चहाला थांबत. मी त्यांना काका म्हणू लागले. एकदा मी त्यांना ती पाच किल्ल्यांची भानगड समजावून सांगत होते. ते खुश होऊन म्हणाले, "अहो मॅडम, हे आमच्याकडं पहिल्यापासून. लाइन दुरुस्त करायची असली की आधी बंद करायची, आणि कामाला जाणाऱ्या प्रत्येकानं स्विचवर आपापलं कुलूप लावायचं. चार जण आत असतील तर चार कुलपं. किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. साहेब येऊ द्या का मंत्री येऊ द्या, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माझं पितळी कुलूप अजून आहे घरी."

विक्री सुरू झाली. पहिले चार दिवस शुकशुकाट. बोरस्ते रोज सकाळी शटर उघडायच्या आधी फोनवर करारातला एकूण तासांचा आकडा बघायचे, वाढला तर नाही ना म्हणून. आठवडाभर तो हलला नाही तेव्हा त्यांनी स्वतः तास घेतले, आणि मग त्यांच्या गल्लीने घेतले, मग शेजारच्या गल्लीने. साळवे काकांनीही घेतले. घराच्या वरच्या मजल्यासाठी निवृत्तीचे पैसे राखून ठेवले होते, ते सगळे लावले. प्रज्ञा नको म्हणत होती. काका म्हणाले, "लोकांचे चालतात, बापाचे चालत नाहीत का? मी तास शेडवाल्यांना विकीन, वरचा मजला थोडा उशिरा चढेल." रीतसर ओळखपत्र देऊन, रांगेत नंबर आल्यावर त्यांनी ते घेतले.

चांगलं चाललं की चोर येतात. आमच्यासारख्याच नावाची खोटी टोकनं निघाली. आम्ही घाईने सगळ्या ग्रुपवर ठळक अक्षरांत करार जिथे राहतो तो पत्ता टाकला. खरा पत्ता हाच, बाकी सगळे खोटे, कोणी फसू नका. दिवसातून तीनदा टाकत होतो.

मालकी सोडायचा दिवस उजाडला. दुपारी अंबडला जमायचं होतं. सकाळी काका ऑफिसात आले ते हसतच. म्हणाले, "मॅडम, मी आपले तास सुरक्षित करून टाकले. फोनमध्ये ठेवलेले बरे नव्हते, चोरांचा सुळसुळाट झालाय. तुम्ही तो खरा पत्ता दिला ना, त्याच्यावर पाठवून दिले. एकेक अक्षर वाचून मिळवलं. आधी पुढून, मग मागून. प्रज्ञाच्या आईला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं."

मी फोन हातात घेतला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. त्यांनी आपले सगळे तास कराराच्याच पत्त्यावर पाठवले होते. तो पत्ता खराच होता, पण ती तिजोरी नव्हती. तिथे टोकन आत जातं, बाहेर यायला दार नसतं. खोट्या पत्त्यापासून वाचायला माणसाने इतकी काळजी घेतली, आणि त्या काळजीनेच सगळं नेलं. ही चूक आमच्या धंद्यात होते. असं पाठवलेलं टोकन परतवून लावणारी एक ओळ आम्ही आता प्रत्येक करारात घालतो. तेव्हा ती पद्धत आमच्याकडे नव्हती.

प्रज्ञा शेजारीच होती, तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि फोन ओढून घेतला. पत्ता तिनेही वाचून पाहिला, मग तिथेच खाली बसली.

काका आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "परत येतील का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"दिसतायत तर सही."

"दिसतील. कायम दिसतील. हात लावता येणार नाही. तुम्हाला नाही, आम्हाला नाही, कोणालाच नाही."

ते खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने प्रज्ञा उठली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "मॅडम, अजून मालकी आपल्याकडे आहे. दुपारपर्यंत आहे. पप्पांचे गेले तेवढे तास नवे काढायचे. गेलेले तर कोणी वापरू शकत नाही, म्हणजे कोणाचं काही कमी होत नाही. लपवायचं नाही. शेडमध्ये सगळ्यांना सांगायचं आणि मग करायचं."

हिशेबाने तिचं खरं होतं. तीन सह्या हव्या होत्या. एक किल्ली तिची, एक सीएंची, ते खालच्या मजल्यावर बसलेले, आणि एक माझी. मी पर्समधून किल्ली काढलीसुद्धा. त्या माणसाचा आयुष्यभराचा घाम त्या बिनदाराच्या पत्त्यावर अडकून पडला होता, आणि तो परत द्यायला एक बटण पुरेसं होतं. मला त्यात गैर काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगते, आजही फारसं दिसत नाही.

"थांब बाळ," काका म्हणाले. "मागच्या सेक्रेटरीनं पहिलं कूपन कोणाला दिलं होतं?"

"पप्पा, ते वेगळं होतं."

"कोणाला?"

"मेव्हण्याला."

"त्याच्याकडं पण काहीतरी कारण असंल की. माणसाकडं कारण असतंच." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तू जास्तीचा तास काढायचा नाही म्हणून शब्द दिला. आता पहिलाच काढणार, तो बापासाठी?"

"मी सगळ्यांना विचारीन ना. कोणी नाही म्हणणार नाही."

"कोणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच नको. तुझ्या तोंडावर कोण नाही म्हणंल? अन घरी जाऊन काय म्हणतील?" मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, चार कुलपं लागलेली असताना मी कधी दुसऱ्याचं काढलं नाही. एकदा माझा सख्खा भाऊ आत कामाला होता, तो किल्ली घेऊन जेवायला घरी गेला. सगळं केंद्र त्याच्यासाठी खोळंबलं. लोक मला म्हणाले, तुझाच भाऊ आहे, तोड कुलूप. नाही तोडलं. बोलावून आणला. आता म्हातारपणी लेकीला तोडायला लावू का?"

प्रज्ञा रडत होती. काकांनी डब्याची पिशवी तिच्या टेबलावर ठेवली. "चला," ते म्हणाले. "लोक जमले असतील."

शेडमध्ये मशीन येण्याआधीच त्याचा चौथरा बांधून तयार होता. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यावर स्क्रीन टाकला होता. शेडवाले कामाच्या कपड्यांतच आले होते. प्रज्ञाने दोन वाक्यांत सांगितलं, की आता आपण मालकी सोडतो आहोत, यानंतर तास वाढणार नाहीत. वडिलांबद्दल ती काही बोलली नाही, तसं काकांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. सीएंनी सही केली. मी केली. तिसरी सही तिची होती.

ती बटणावर बोट ठेवून थांबली आणि तिने गर्दीत वडिलांकडे पाहिलं. ते मागच्या बाजूला, दाराशी उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली. तिने बटण दाबलं.

जाळ्याला नोंद करायला थोडा वेळ लागतो. मग पडद्यावर 'मालक' या शब्दापुढे आमचं काहीच उरलं नाही, शून्यांची एक लांबलचक रांग आली. अशी रांग मी आधीही पाहिली होती आणि तिला कामाचा शेवटचा टप्पा म्हणून टिचकी मारून घरी गेले होते. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. हातात सगळी सत्ता असताना, सगळ्यात मोठं कारण समोर दाराशी उभं असताना, एका मुलीने स्वतःचा हात कायमचा काढून घेतला होता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने लहान होती म्हणून पडले नाही, एवढंच.

मशीन आलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी बोरस्ते ऑफिसात आले. रोज आकडा बघायची सवय, त्यात त्यांना काहीतरी दिसलं होतं. "मॅडम, येवढे तास कराराच्या पोटात कोणाचे पडले? कोणी वापरत नाय, इकत नाय. भानगड काय हाय?" त्यांच्या आवाजात जुना संशय होता. जाळ्यावर सगळं सगळ्यांना दिसतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. मी काकांना फोन करून विचारलं आणि मग सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी गेले तेही सांगितलं.

बोरस्त्यांनी फोनवर तारीख ताडून बघितली आणि फोन टेबलावर ठेवला. "म्हंजे तवा तिच्या हातात व्हतं?"

"दुपारपर्यंत होतं."

"आन तिनं बापाला नाय काढून दिले." त्यांनी टेबलावरचा आपला फोन उचलला, खिशात टाकला. "मी रोज सकाळी आकडा बघत व्हतो. आता नाय बघत. बघायचं कामच नाय."

त्यांनी गल्लीत सांगितलं, गल्लीने अंबडभर. शेडवाल्यांनी आपापल्यातले थोडे थोडे तास काढून काकांना द्यायचं ठरवलं. काकांनी हात जोडून नाही म्हटलं. वरचा मजला अजून चढलेला नाही. प्रज्ञा पगारातून मागे टाकते आहे, पण विटा-सिमेंटचे भाव तिच्यापेक्षा जोरात पळतात. घरी या विषयावर बोलणं निघालं की तिची आई उठून आत जाते. हे मी विसरत नाही, आणि कोणी या गोष्टीचा गौरव करायला लागलं की मला आधी त्या माउलीचा चेहरा आठवतो.

पण मशीनच्या आयुष्यात तेवढे तास रिकामे राहिलेच. ते कोणी मागू शकत नाही आणि कोणी विकूही शकत नाही. मग शेडवाल्यांनी ठरवलं, की त्या तासांत मशीनची देखभाल करायची. साफसफाई, तेलपाणी, मोजमाप. कामाच्या फळ्यावर त्या वेळेपुढे 'काकांचे तास' असं लिहिलेलं असतं. त्यामुळेच ते मशीन अजून नव्यासारखं चालतं, असं बोरस्ते येईल त्याला सांगतात.

परवा मी तिकडे गेले होते तेव्हा काकांचे तासच चालू होते. इस्त्रीचा शर्ट घालून काका आले. मशीन बंद झालं. आत हात घालणाऱ्या दोन कामगारांनी मुख्य स्विचवर आपापली कुलपं लावली, आणि त्यांच्या शेजारी काकांनी एकलहऱ्याचं आपलं पितळी कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली, स्टुलावर बसले आणि फोन काढून डोळ्यांजवळ धरला.

"काय बघता काका?" मी विचारलं.

त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. त्यांचे तास होते तिथेच होते, एकही कमी नाही.

"आहेत," ते म्हणाले, आणि फोन खिशात, किल्लीच्या शेजारी ठेवून दिला.